जिन्यावरून सांगितलेले पाच शब्द

आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कोणी 'काकू, तुम्ही फार भोळ्या' असं म्हणायला नको. भुतंखेतं, करणी, दृष्ट... यातलं मी आयुष्यात काही मानलेलं नाही. नाशिकला आमच्या आळीत एका बाईंच्या अंगात यायचं. नवरात्रात बायका ओट्या घेऊन रांग लावायच्या. मीही एकदा रांगेत उभी राहिले, नमस्काराला वाकले आणि देवीच्या पोटरीला जोरात चिमटा काढला. देवीने मला ज्या शिव्या दिल्या त्या अस्सल पंचवटीच्या होत्या! तेव्हापासून आळीत मला कोणी हळदीकुंकवाला बोलवायचं धाडस केलं नाही. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय मी. सिद्धता नसेल तर उत्तराला शून्य मार्क.

आणि आता हे लिहायला बसलेय, ज्याची सिद्धता माझ्याकडे नाही.

गोष्ट २००४च्या ऑक्टोबरमधली. नॉर्थ कॅरोलायनात कॅरी म्हणून गाव आहे, तिथे माझी मुलगी मंजिरी, जावई निखिल आणि आठ वर्षांची नात ऋचा राहत होते. मंजिरीला दुसऱ्या वेळचा आठवा महिना होता. पहिलं बाळंतपण नाशिकला झालं होतं. दुसऱ्यासाठी मुलगी माहेरी येईना म्हणून माहेरच दोन बॅगांत भरून तिकडे गेलं. डिंक, हळीव, सुंठ, हिरवी साडी, डोहाळजेवणासाठी प्लॅस्टिकच्या फुलांची वाडी... आणि मी. तेव्हाची मी म्हणजे अठ्ठावन्न वर्षांची, नुकतीच रिटायर झालेली, जगात फक्त आपल्यालाच सगळं कळतं अशी खात्री असलेली बाई. आज रस्त्यात भेटली तर तिला बाजूला घेऊन दोन धपाटे घालीन.

घर कसं होतं ते नीट सांगायला हवं. दुमजली टाउनहाउस. खाली किचन, त्याला लागून डायनिंग टेबल, टेबलाच्या उजवीकडून कार्पेटचा जिना वर जाणारा. जिन्याला मध्ये एक वळण होतं, त्यामुळे वरच्या कठड्याशी उभा असलेला माणूस खालून दिसायचा नाही, पण आवाज अगदी स्पष्ट यायचा. वर डावीकडे ऋचाची खोली, उजवीकडे मंजिरीची. ऋचा शाळेतून आली की गॅरेजच्या दाराचा नंबर दाबून आत यायची आणि कोणाला तोंड न दाखवता थेट वर पळायची. मला ती दिसायच्या आधी ऐकू यायची.

तिच्या टीचरनी त्या वर्षी एक खेळ काढला होता. दर सोमवारी तीन इंग्रजी अक्षरं द्यायची आणि ती तिन्ही अक्षरं ज्यांच्यात आहेत असे जास्तीत जास्त शब्द मुलांनी शुक्रवारपर्यंत शोधून आणायचे. क्रम कसाही चालेल, पण तिन्ही हवीत. ऋचाला लिहायचा कंटाळा. मग आमची पद्धत अशी ठरली, की ती वर कपडे बदलता बदलता कठड्यापाशी येऊन ओरडणार, "आजी, रेडी?" मी खालून "रेडी" म्हणणार. ती शब्द सांगणार, मग एकेक अक्षर, आणि मी टेबलाशी बसून वहीत उतरवून घेणार. माझं इंग्रजी म्हणाल तर मॅट्रिकला छत्तीस मार्क. पण अक्षरं लिहायला काय लागतं? भांडण फक्त एका अक्षरावरून व्हायचं. ती अमेरिकन पोरांसारखं 'झी' म्हणायची आणि मी दर वेळी 'जी' लिहून ठेवायचे.

"आजी, झी! लाइक झीब्रा!"

"मग झेड म्हण ना सरळ. आमचा झेब्रा झेडने चालतो."

त्या आठवड्याची अक्षरं होती ई, आर आणि यू. सोमवार ते बुधवार मिळून आमचे एकोणीस शब्द झाले होते. शनिवारी घरी मंजिरीचं डोहाळजेवण होतं. चाळीस माणसं. मी आल्यापासून त्याच एका गोष्टीच्या मागे लागले होते. इकडच्या मुलींना दाखवून देणार होते, की खरं डोहाळजेवण कशाला म्हणतात.

गुरुवारी सकाळी निखिल ऑफिसला निघता निघता म्हणाला, "आई, मंजूला रात्रभर झोप नाहीये. काही वाटलं तर मला लगेच फोन करा हं."

"तुम्ही जा हो निखिलराव. दोन बाळंतपणं काढलीयत मी माझी. तुम्ही किती काढलीत?"

तो बिचारा हसला आणि गेला. थोड्या वेळाने ऋचाची बस गेली. मंजिरी कठड्याला धरत धरत खाली आली.

"आई, कालपासून डोकं ठणकतंय गं. आणि हे बघ, अंगठी निघत नाहीये."

"सवाष्णीने अंगठी काढायची कशाला?"

"आई, मी सीरियसली बोलतेय. डॉक्टरांच्या नर्सला फोन करून विचारते."

आता नीट ऐका, तेव्हाची मी काय म्हणाले ते. मी म्हणाले, "विचार की! त्या म्हणणार, या, झोपा, ॲडमिट व्हा. त्यांना तेवढंच येतं. मग शनिवारी ती चाळीस माणसं काय माझं डोहाळजेवण करणार? पित्त झालंय तुला. तुझ्या वेळी माझे पाय घागरीएवढे झाले होते, तरी मी शाळेत जाऊन वर्गाला लसावि-मसावि शिकवत होते. रविवारी कर फोन."

तिने वाद घातला नाही. मी सुंठ उगाळून तिच्या कपाळाला लेप लावला, तिला वर नेऊन झोपवलं, पडदे ओढले, दार लावून घेतलं. आणि येताना... हे मी बरीच वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं... येताना तिच्या उशाजवळचा कॉर्डलेस फोन उचलून खाली आणला. तिची झोपमोड होऊ नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. तिचा मोबाइल खालीच पर्समध्ये होता. तोही तिथेच राहू दिला.

दुपारी तिने जेवायला नको म्हटलं. मी म्हटलं, झोपू दे. मी लाडवांसाठी बेसन भाजायला घेतलं. किती वाजले होते ते मी पाहिलं नाही, पण मी पेंगत नव्हते. चुलीवर बेसन आणि हातात झारा असताना कोणी पेंगत नाही.

"आजी, रेडी?"

वरून आवाज आला. मला वाटलं, आज बस लवकर आली. गॅरेजचं दार वाजलेलं ऐकू आलं नव्हतं, पण बेसन भाजताना मला स्वतःचा श्वास ऐकू येत नाही.

"आलीस? हातपाय धुतलेस का?"

 मग तसंच, त्याच सुरात, "आजी, रेडी?"

"थांब गं बाई." मी आच कमी केली, हात पदराला पुसला, वही ओढली. त्या पानावर बेसनाची दोन बोटं अजून उमटलेली आहेत. "हं. रेडी."

एरवी ती आधी शब्द सांगायची. त्या दिवशी शब्द सांगितलाच नाही, एकदम अक्षरं सुरू केली. पी, आर, ई, डबल एस, यू, आर, ई. मी लिहीत गेले. मग यू, आर, आय, एन, ई. सावकाश सांगत होती, मला लिहायला वेळ देत. नेहमीसारखी घाई नाही, मध्ये हसणं नाही, उड्या नाहीत.

"हळू बोल, आई झोपलीये."

आवाज लगेच खाली आला. पण एक गोष्ट मला तेव्हाच खटकली. आवाज हळू झाला आणि जवळही आला. जशी ती दोन पायऱ्या उतरली होती. बी, एल, यू, डबल आर, ई, डी. मग आणखी जवळून, एस, ई, आय, झेड, यू, आर, ई. कार्पेटवर पाऊल वाजत नाही हे मला माहीत होतं. तरी आठ वर्षांची पोरगी इतक्या सावकाश जिना उतरते?

पाचवा शब्द वळणापासून आला. जवळजवळ कुजबुजत. यू, आर, जी, ई, एन, टी. मी टी लिहिला आणि मान वर केली. वळणावर ती दिसायलाच हवी होती. तिथे भिंत होती आणि भिंतीवर ऋचाने नर्सरीत रंगवलेला मोर होता. बस, तेवढंच.

"ऋचा?"

नेमक्या त्याच वेळी बाहेर बसचे ब्रेक वाजले. ते कसे फुस्स करून वाजतात, तुम्हाला माहीत असेल. किचनच्या खिडकीतून मला पिवळी बस दिसली. तिचं दार उघडलं. त्यातून जॅकेट कमरेला बांधलेली माझी नात उतरली, वळून कोणालातरी हात केला आणि गॅरेजकडे धावत सुटली.

मी टेबलाला धरून उभी होते. मागे बेसन खाली लागत होतं, मला वास येत होता, पण पाठ फिरवून चुलीकडे जायची हिंमत होत नव्हती. जिन्याकडे पाठ करायची नव्हती मला.

"हाय आजी! समथिंग इज बर्निंग!" ऋचा आत आली, तिनेच बटण फिरवून चूल बंद केली. "आजी? व्हॉट हॅपन्ड?"

"तू... आत्ता आलीस?"

"ऑफकोर्स. बसमधून."

"वर कोण आहे?"

"आई." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू आजीचं काहीतरी बिघडलंय. मग वहीकडे पाहिलं. "वाव, पाच नवीन! प्रेशर... युरिन, ईऽऽ! ब्लर्ड... सीझर... अर्जंट. हू टोल्ड यू दीज?"

"ते चौथं काय आहे?"

"सीझर? नेबरच्या डॉगला येतात ना, आजी. तो खाली पडतो आणि शेक होतो, आणि त्याला काही कळत नाही."

"आणि शेवटचं?"

"अर्जंट मीन्स... लगेच. राइट नाउ."

मी जिना चढले. चढले म्हणते, पण ज्या वळणावरून आवाज आला होता तिथून मी डोळे मिटून पुढे सरकले, हे कबूल करते. पंचवटीच्या देवीला चिमटा काढणारी वाघीण भिंतीला अंग घासत चालली होती. मंजिरीचं दार मी लावलं होतं तसंच लावलेलं होतं.

आत ती उठून बसली होती. चेहरा सुजलेला, कपाळावरचा लेप वाळून भेगाळलेला. "आई, घड्याळातले आकडे पुसल्यासारखे दिसतायत गं मला. आणि इथे वर, बरगडीखाली, खूप दुखतंय." तिचा हात उशाजवळ चाचपत होता. फोन जिथे असायचा तिथे.

"हाक का नाही मारलीस?"

तिचा हात चाचपतच राहिला.

मी इतक्या वेगाने खाली आले की मधल्या पायऱ्या मला आठवत नाहीत. फोन लाडवांच्या डब्यामागे रुमालाखाली होता. निखिलला लावला, उचलला नाही, मीटिंग असणार. ऋचाने माझ्या हातातून फोन घेऊन नाइन वन वन, तिथला ॲम्ब्युलन्सचा नंबर, दाबला, शाळेत शिकवलं होतं तिला. पण पलीकडून बाईचा आवाज आला आणि पोरीला रडू फुटलं. एक शब्द निघेना. तिने फोन माझ्या हातात कोंबला.

पलीकडची बाई काहीतरी विचारत होती, भराभर. मी "माय डॉटर" म्हटलं आणि पुढे डोकं कोरं. छत्तीस मार्कांतला एक मार्कही मदतीला येईना. डोहाळजेवणाला इंग्रजीत काय म्हणतात ते मी तीन दिवस पाठ केलं होतं. जीव चाललाय याला काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. डोळ्यांसमोर वही होती. ऋचा वाचत होती तसं मी वाचत सुटले.

"प्रेशर. युरिन. ब्लर्ड. सीझर. अर्जंट."

 त्या बाईचा आवाज एकदम बदलला. "प्रेग्नंट?"

"येस! येस! एट मंथ!"

पत्ता ऋचाने हुंदके देत देत सांगितला.

ॲम्ब्युलन्सचे लोक आले तेव्हा मी मंजिरीचा हात धरून बसले होते. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि एकमेकांकडे पाहिलं. पुढे कोणी काही विचारलं नाही. तिला स्ट्रेचरवर घेऊन गेले. ऋचाला एकटं कसं सोडायचं म्हणून मी घरीच राहिले. गाडी आमच्या कॉलनीबाहेर पडते न पडते तोच मंजिरीला झटका आला, वहीतला चौथा शब्द. हे मला रात्री कळलं. सोबत माणसं होती, सुया होत्या, औषध होतं. निखिल परस्पर हॉस्पिटलमध्ये पोचला.

आम्ही दोघी करपलेल्या बेसनाच्या वासात बसून होतो. ऋचा माझ्या मांडीवर. मी जिन्याकडे तोंड करून. सात वाजता फोन आला.

"आई, मुलगा झालाय. खूप लहान आहे, काचेच्या पेटीत ठेवलाय." निखिलचा आवाज ओळखू येत नव्हता. "मंजू अजून शुद्धीवर नाही."

त्या रात्रीबद्दल मी काही लिहिणार नाही. सकाळी ती शुद्धीवर आली. डॉक्टर निखिलला म्हणाले की गर्भारपणातलं ब्लडप्रेशर होतं, लघवीतून प्रोटीन जात होतं, आणि हाच झटका ती घरी एकटी असताना आला असता तर दोघांचं काही सांगता आलं नसतं. निखिल हे मला सांगत होता आणि माझ्या डोळ्यांपुढे ते दार होतं. मी लावलेलं.

आता स्पष्टीकरणं. निखिल इंजिनिअर, त्याने दोन दिवसांत थिअरी शोधली. फ्रिजवर डॉक्टरांचं एक पत्रक मॅग्नेटने लावलेलं होतं, त्यात धोक्याची लक्षणं छापली होती. "आई, तुम्ही येता-जाता ते पाहिलं असणार. सबकॉन्शस माइंड."

"अहो, त्या पत्रकाच्या मागच्या बाजूला मी लाडवांचं प्रमाण लिहिलं होतं. पुढची बाजू मी वाचलीच नाही."

"नकळत वाचली असेल."

"माझ्या सबकॉन्शसला स्पेलिंग येत असतं तर मला मॅट्रिकला छत्तीस पडले असते का?"

त्याने हट्टाने पत्रक काढून तपासलं. प्रेशर होतं, युरिन होतं, ब्लर्डही होतं. उरलेले दोन शब्द त्यात नव्हते. "ई, आर, यू कॉमन अक्षरं आहेत, आई. कुठलेही शब्द होतात," तो म्हणाला. हे अगदी खरं आहे. नर्सही होतो, बर्गरही होतो. आमच्या एकोणीस शब्दांत बर्गर दुसराच होता. पण कुठलेही होऊ शकत असताना हेच का झाले?

ऋचाने आणखी एक गोष्ट काढली. मला तर ती सुचलीच नसती. वही बघता बघता म्हणाली, "आजी, यू रोट द झी करेक्ट. तू तर नेहमी जी लिहितेस." तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या आवाजाने 'झी' म्हटलंच नव्हतं, 'झेड' म्हटलं होतं. आणि 'डबल एस'. ऋचा कधी डबल म्हणत नाही, एस एस म्हणते. आवाज तिचाच होता, तेवढं मी शपथेवर सांगेन. पण अक्षरं म्हणायची रीत आमच्याकडची होती. मंजिरी लहानपणी अशीच म्हणायची. नाशिकच्या शाळेतली प्रत्येक मुलगी अशीच म्हणते, मीसुद्धा. त्यामुळे याने काहीच सिद्ध होत नाही. मी विद्यार्थ्यांना यावर शून्यच दिलं असतं.

टीचरकडे वही द्यायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, ते पाच शब्दही धर की. ऋचाने मान हलवली. "दॅट्स चीटिंग, आजी. ते मी नाही शोधले."

फोनचं मी मंजिरीला कितीतरी वर्षांनी सांगितलं. दोघी भाजी चिरत असताना, खाली मान घालून.

ती म्हणाली, "मला माहीत होतं, आई. जाग आली तेव्हा फोनचा बेस रिकामा दिसला होता."

"मग ओरडली का नाहीस?"

"तू चिडली असतीस."

एवढंच. सुरी चालूच होती तिची. मला आजवर कोणी इतकं हळू मारलेलं नाही.

तिला मी हेही विचारलं, की तू झोपेत काही बडबडलीस का, ऋचाच्या आवाजासारखं? ती म्हणाली, मी तर खालून तुझाच आवाज ऐकत होते, 'हळू बोल, आई झोपलीये' म्हणताना. मला वाटलं, ऋचा आली. दुसरा आवाज तिने ऐकला नव्हता.

बाळ पाच आठवड्यांनी घरी आलं. आता ते बाळ माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे आणि माझ्या इंग्रजीला हसतं. मी तेव्हा जानेवारीअखेरपर्यंत तिथे होते. निखिल ऑफिसात, ऋचा शाळेत, मंजिरी आणि बाळ वर झोपलेले. दार उघडं आणि फोन उशाशी, हे मी रोज दोनदा बघायचे. मग वही-पेन्सिल घेऊन जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसायचे आणि हळूच म्हणायचे, "रेडी." निखिलने एकदा लवकर घरी येऊन मला तसं बसलेलं पाहिलं. त्याने बूट काढले आणि किचनमध्ये जाऊन चहा टाकला, दोन कप.

कोण होतं, काय होतं, मला आजही सांगता येत नाही. पुन्हा आवाज आला नाही. पहिल्या काही दिवसांत मला वाटायचं, की मी आभार मानायला बसतेय. खरं म्हणजे मी त्यासाठी बसत नव्हते. रोज पंधरा मिनिटं कान देऊन ऐकायचे, वरून काहीच येत नाही याची खात्री करून घ्यायचे, आणि वही कोरी राहिली म्हणजे आज घरातली सगळी माणसं ठीक आहेत, एवढं समजून कुकर लावायला उठायचे.